हृदयातल्या जादा धाग्याची जबानी

मी एक धागा बोलतोय. कापडातला नव्हे, हृदयातला. वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारी केसाएवढी मांसाची एक जादा वाट कुणाकुणाच्या वाट्याला येते, ती मी. बाळ पोटात घडताना मला काढून टाकायचं राहून गेलं. चूक म्हणा हवं तर. मी नाही म्हणत.

माझी मालकीण क्रेन चालवते. साठ मीटर उंच केबिनमध्ये एकटी बसते, खाली लोखंडी सळ्यांचा भारा लोंबकळतो, आणि तिचा हात हलत नाही. तिची तिशी उलटेपर्यंत मी गप्प होतो. मग एक दिवस लहर आली. हृदयात खाली उतरलेली वीज मी चोरवाटेने परत वर पोचवली. ती पुन्हा खाली, मी पुन्हा वर. मिनिटाला दोनशे ठोके! काय मजा आली म्हणून सांगू.

तिला नाही आली. तिने भारा कसाबसा टेकवला आणि शिडीला बिलगत उतरली. साइटवरच्या प्रथमोपचाराच्या खोलीत एक काका असायचे. त्यांनी बर्फाच्या पाण्याचं घमेलं पुढे केलं. "तोंड बुडव, बाळा." बुडवलं, आणि मी जागच्या जागी थांबलो. त्या गारव्यापुढे माझं काही चालत नाही. मग काकांनी ईसीजी काढला. एकदम स्वच्छ.

चार वर्षं हाच क्रम. आधी घमेलं, मग ईसीजी. भला माणूस, पण दर वेळी पुरावा स्वतःच्या हाताने धुऊन टाकायचा. कागद बघून साइटचे साहेब म्हणायचे, "मनाचे खेळ आहेत." नवरा म्हणायचा, "अगं, विचार फार करतेस." धावायचं मी आणि नाव तिच्या मनाचं! माझ्या अंगाची नुसती लाही व्हायची.

शेवटी साहेबांनी बजावलं, "आणखी एकदा झालं, तर केबिन विसरायची. खाली गेटवर बसायचं."

पुढच्या खेपेला मी उधळलो, तेव्हा समोर आलेलं घमेलं तिने दोन्ही हातांनी लोटलं. काकांची पँट भिजली. ती तशीच खाटेवर आडवी झाली.

"आधी ईसीजी."

"अगं, चक्कर येऊन पडशील!"

"आडवीच आहे, आणखी कुठे पडणार? काढा, काका. मला कागदावर हवंय."

ओठ पांढरे पडलेले, पण हटली नाही. कागदावर मी उमटलो. तेव्हा पहिल्यांदा मला तिचा अभिमान वाटला.

तो कागद घेऊन ती हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, अब्लेशन करू. मांडीतल्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचीक नळ्या, हृदयापर्यंत न्यायच्या, जादा वाट शोधायची आणि नळीच्या तापवलेल्या टोकाने जाळायची. मात्र सापडायला मी धावायला हवा. मी कशाला धावतोय? औषध देऊन डिवचलं, विजेचे चिमटे काढले. मी ढिम्म.

दोन तास गेले. शेजारच्या पडद्यापाशी बसलेला तंत्रज्ञ म्हणाला, "मॅडम, तो ईसीजी तरी खरा होता ना? मशीन हललं असेल."

टेबलावर ती पूर्ण शुद्धीत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी कानात उतरलं.

मशीन हललं? चार वर्षांची माझी मेहनत, आणि मशीन हललं? मग मात्र मी असा सुटलो की पडदाभर रेघाच रेघा.

"सापडला!" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

कॅथेटरचं टोक माझ्यावर येऊन टेकलं. चटका बसला. तिच्याही छातीत आग झाली. "थांबवू का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही. पूर्ण जाळा."

आता मी तांदळाच्या कणीएवढा वण आहे. वीज दारापर्यंत येते, मी आत घेत नाही, कारण घेऊच शकत नाही. तपासण्या झाल्या, साहेबांनी सही केली, आणि ती पुन्हा शिडी चढते. चढताना ठोके वाढतात, ते तिचे स्वतःचे.

माझी दया येऊ देऊ नका. एवढंच करा, कुणी म्हणालं की छातीत धडधडतंय, तर मनाचा खेळ म्हणण्याआधी धडधडतंय तेव्हाच तपासा. मी जळालो, कबूल. पण खोटा ठरून नाही.