किल्लीवाल्याने टाकलेला फोन

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे, आणि मी सूड घेतला आहे.

सहा वर्षं मी एका किल्लीवाल्याकडे राबलो. गिऱ्हाइकाची किल्ली तो मापासाठी चौकटी आखलेल्या कागदावर ठेवायचा, खाली घराची खूण लिहायचा आणि माझ्याकडून फोटो काढून घ्यायचा. किल्ली हरवली, की त्या फोटोवरून नवी कापून द्यायचा. "याच्या डोळ्याला तोड नाही," असं सगळ्यांना सांगायचा. माझी छाती फुगायची. मला मात्र त्याने कधी कुलूप घातलं नाही. "तेलकट हातांनी कोण आकडे दाबत बसणार?" म्हणायचा.

मग त्याच्याच हातोडीने माझी काच तडकली. त्याच्या धाकट्या बहिणीने हळुवार हाताने चिकटपट्टी लावली. त्याने नवा फोन आणला.

"अहो, जुना भंगारात देण्याआधी त्यातलं खातं तरी बंद करा," बायको म्हणाली.

"कुलूपवाल्याला कुलूप शिकवतेस होय? या ठोकळ्याला कोण विचारतंय!"

पितळेच्या किसाबरोबर मी भंगारात गेलो. ठोकळा! तो शब्द मी गिळला नाही.

भंगारवाल्याकडून एका सडपातळ माणसाने मला उचललं आणि बसथांब्यावरच्या फुकट नेटला जोडलं. खातं उघडंच होतं, आणि नव्या फोनवरही तेच चालू होतं. नव्या फोनवर काढलेला प्रत्येक किल्लीचा फोटो माझ्याकडेही येऊ लागला. सडपातळ माणूस आधी हसला, मग कानस घेऊन बसला. मी एकही फोटो अंधूक दाखवला नाही.

एके सकाळी किल्ली आली, खाली लिहिलेलं, "धाकटी, मागचं दार." क्षणभर वाटलं, बंद पडावं. पण राग मोठा होता. मी उजळलो.

चार दिवसांनी तिचा निरोप नव्या फोनवर गेला, तसा माझ्यावरही उमटला. "दादा, घर धुऊन नेलं. कडी तुटलेली नाही, दार किल्लीने उघडलंय. दुसरी किल्ली तुझ्याकडेच होती."

"अगं, सख्ख्या भावावर संशय घेतेस?"

"मग तूच सांग, कुणावर घेऊ?"

त्यानंतर तिने त्याला एक अक्षर लिहिलं नाही. गावभर बोभाटा झाला असावा, कारण हळूहळू किल्ल्याही यायच्या थांबल्या.

सूड गोड लागला. धाकटीचं तेवढं घशात अडकतं.

मित्रांनो, जुना फोन कुणाला देण्याआधी त्यातलं खातं बंद करा, सगळं पुसून टाका. आमची कीव करू नका, आम्हाला घाबरा. किल्लीवाला दुकानात हात चोळत बसला असेल, पण खातं त्याने अजूनही बंद केलेलं नाही.