उकंडरावांच्या मोटारीची डबी

माझे अब्बा रहेमतुल्ला खामगावात विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरून देतात. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला तेव्हा त्यांच्या गिऱ्हाइकांनी मला एकच प्रश्न विचारला, "मंग टीव्ही दुरुस्त करशीन काय वं?" त्यांची तोंडं बंद करायची म्हणून मी मोबाइलवरून मोटार सुरू करणारी डबी बनवली. पहिलं गिऱ्हाईक उकंडरावकाका, आणि तेही स्वतःच्या मर्जीने नव्हे. श्रावणात ओल्या स्टार्टरने शॉक देऊन त्यांना विहिरीच्या काठावर फेकलं होतं. त्यांच्या बायकोने, कोकिळाकाकूंनी, ते डोळ्यांनी पाहिलं, आणि दुसऱ्याच दिवशी एसटीने दुकानात येऊन त्या मला म्हणाल्या, "त्या लोखंडाले त्याइचा हात लागला नाई पाह्यजे, असं काईतरी दे."

डबीत ब्लूटूथचं एक मॉड्यूल, बोटाच्या दोन पेरांएवढं. दहा पावलांवरून मोबाइलवर बोट टेकवलं की मोटार चालू. महिनाभर सगळं सुरळीत होतं. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला, "मलिहा, तुही डबी उगीमुगी बसली. अन् हे म्हंतात, बारापर्यंत झाली तं झाली, नाई तं मी हातानंच दाबतो."

काकांचा हट्ट अगदीच खोटा नव्हता. शेताला दिवसा लाइट मिळण्याचा आठवड्यातला तो शेवटचा दिवस होता, पाऊस कधीच निघून गेला होता आणि कपाशी बोंडांवर होती. बीटी बियाण्याच्या पाकिटावर अळी येणार नाही असं छापलेलं होतं. अळीला वाचता येत नसल्याने अर्धी बोंडं तिने आधीच नेली होती. उरलेल्यांना आज पाणी हवं होतं.

मी शेतात पोचले तेव्हा काका कडुलिंबाखाली बसले होते.

"या इंजिनेरबाई," ते म्हणाले. "तुही डबी माह्यासारखीच हाय. आयकते सारं, करत काईच नाई."

"तुमी आयकता कधी?" काकूंनी विचारलं.

खंडेनवमीला सगळ्या अवजारांबरोबर डबीचीही पूजा झाली होती. वर हळदकुंकू आणि लाल नाड्याचे सात वेढे. पूजेच्या नाड्याला आपण कशाला हात लावा, म्हणून मी तो तसाच राहू दिला आणि बाजूने काढून ठेवलेल्या वायरींना लॅपटॉप जोडला. सभ्यपणा कधी कधी असा नडतो.

मॉड्यूलशी बोलायचं ते टाइप करून. 'एटी' एवढं लिहून पाठवायचं. ऐकू आलं तर ते 'ओके' म्हणतं. पाठवलं, उत्तर नाही. बोलण्याचा वेग बदलून अडतीस हजार चारशेवर नेला, तेव्हा ओके आलं. नाव विचारलं, नाव सांगितलं. नाव बदललं, ओके. पासवर्ड नवा दिला, ओके.

काका मागून वाकून बघत होते. "हे तं तुह्या काकूच्या माहेरच्या सोयऱ्याइसारखं हाय. साऱ्याले हाव म्हंते."

लाइट बंद करून परत दिली. डबीच्या भोकातून दिसणारा मॉड्यूलचा दिवा पुन्हा मघासारखाच दोन-दोन सेकंदांनी संथ लुकलुकू लागला, आणि मोबाइलला डबी काही दिसेना.

पावणेबारा झाले. काका उठून स्टार्टरकडे निघाले. काकू मधे जाऊन उभ्या राहिल्या. मला भीती वाटली, आणि लाजही वाटली.

मग डोक्यात उजेड पडला. तो वेग आणि तो संथ दिवा एकाच वेळी दिसतात: मॉड्यूलवरचं बारीकसं बटण दाबून धरलं असताना लाइट दिली की. मग ते नुसतं आज्ञा ऐकत बसतं, मोबाइलकडे ढुंकून बघत नाही. मी तर बटणाला हात लावला नव्हता. पण डबीचं झाकण पातळ, बटण नेमकं त्याच्याखाली, आणि वरून सात वेढे करकचून आवळलेले.

"काकू, हा नाडा कोनं बांधला?"

"म्या," काकू म्हणाल्या. "चांगला घट्ट बांधला. त्याइच्या जिवाचं काम हाय म्हनून."

काकांना हसू आवरेना. "घ्या. इनं बटन दाबून ठेवलं अन् आपन कपाशीले वाळवून राह्यलो."

काकूंचा चेहरा एवढासा झाला. मी कात्री काढली तशा त्या म्हणाल्या, "कापू नको वं." मी वेढे एकेक करून सोडवले, लाइट दिली. दिवा भराभर लुकलुकू लागला. मोबाइलला नवा पासवर्ड दिला. काकांनी दहा पावलांवरून बोट टेकवलं, मोटार घुरघुरली आणि दांडात पाणी आलं.

काकू नाडा मुठीत धरून उभ्याच होत्या. काकांचं हसणं थांबलं. त्यांनी हात पुढे केला.

"आन, इथं बांध."

काकूंनी त्यांच्या मनगटाला सात वेढे घातले आणि गाठ ओढली.

"जरासा ढिला बांध वं. रगत थांबते."

"नाई," काकू म्हणाल्या. "डबी दुसरी भेटते."