दुसरा नमुना

गौतमीची बीजांडे काढून झाली, तेव्हा ती चारच निघाली. विद्यानगरातल्या त्या दवाखान्यातला हा दोघांचा अखेरचा प्रयत्न होता. यापुढे इंजेक्शने तिला सोसवणार नव्हती. त्यामुळे तिच्या नवऱ्याने, प्रशिकने, सकाळी दिलेल्या वीर्याच्या नमुन्यावरच सारे अवलंबून होते.

प्रयोगशाळेच्या प्रमुख श्रीलक्ष्मी मॅडम बाहेर आल्या. त्या धारवाडच्या, प्रशिकशी मराठीतच बोलत.

"संख्या भरपूर आहे, पण बहुतेक निपचित पडलेत. मागच्या वेळी असं नव्हतं. नमुन्याआधी खंड किती दिवसांचा ठेवलात?"

प्रशिक ताठ बसला. "आषाढी पौर्णिमेपासून, मॅडम. वर्षावासात अष्टशील घेतलंय. भाद्रपद लागला, एकदाही ढळलो नाही."

पावसाळ्यातल्या वर्षावासात जवळच्या उणकलच्या बौद्ध विहारातले काही उपासक ब्रह्मचर्यासह आठ शीले पाळत. प्रशिकने यंदा ती घेतली, त्यामागे त्याचा स्वतःचा एक तर्क होता: संयम जितका मोठा, तितके बीज कसदार. दवाखान्याच्या कागदावरचे 'तीन-चार दिवस' त्याला अधीर माणसांना दिलेली सवलत वाटले होते.

"आत साचून राहिलेले शुक्राणू झिजतात," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्यातला वारशाचा धागा, म्हणजे डीएनए, तुटू लागतो. आपण शुक्राणू निवडायची चिप वापरणारच आहोत. तिच्या बारीक वाटांतून जे पोहत पलीकडे जातील, त्यांचा धागा शाबूत असण्याची शक्यता जास्त. पण चिप निवड करते, दुरुस्ती करत नाही."

"मग आता?"

"तासा-दोन तासांत दुसरा नमुना द्या. संख्या कमी भरेल, पण ताजा असेल. बीजांडं चार, म्हणजे शुक्राणूही चारच लागतील."

सकाळी प्रशिकने नमुन्यासाठी शील मोठ्या कष्टाने एकदाच बाजूला ठेवले होते. बाहेर बाकावर बसलेल्या आपल्या आईला, अव्वांना, काही न सांगता तो गौतमीच्या खाटेपाशी गेला. भूल उतरत आली होती. त्याने घडलेले सांगितले.

"कागद मीच वाचून दाखवला होता," ती म्हणाली.

"शीलामुळं बीज सुधारेल असं वाटलं."

"विहारातले भन्तेजी म्हणाले होते तसं?"

"नाही."

"मग त्यांच्यावर ढकलू नका. शील मन आवरायला असतं. तुम्ही त्याला खत समजलात. मी इकडं सुया टोचून घेतेय, आणि हे तिकडं साठा करतायत."

"दुसऱ्यांदा जमलं नाही तर?"

"आत जाऊन ध्यानाला बसू नका, म्हणजे जमेल. जा. अव्वांनी विचारलं तर सांगते, चहाला गेलेत."

प्रशिक गेला. वेळ लागला, पण नमुना दिला.

पुढचे काम त्याने काचेबाहेरच्या पडद्यावर पाहिले. या वेळी गर्दी विरळ होती, पण हालचाल होती. चिपच्या पलीकडे मोजकेच पोहोचले. ते सरळ रेषेत पोहत होते. मॅडमनी त्यांतले सुबक डोक्याचे निवडले, एकेकाला सुईत ओढून घेतले आणि एकेका बीजांडात सोडले. चौथ्याच्या वेळी प्रशिक पडद्याच्या अगदी जवळ सरकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"तीन फळलीत," मॅडम म्हणाल्या. "गर्भ वाढतायत का, ते आता पाहायचं. मग एक आत ठेवू. तोवरच्या सूचना सांगते, लिहून घ्या."

प्रशिक पेन शोधू लागला. गौतमीने त्याच्या हातातून फोन घेतला.

"मला सांगा, मॅडम. हे त्यात स्वतःची भर घालतात."

पलीकडून हसू ऐकू आले. गौतमी एकेक सूचना मोठ्याने म्हणू लागली. प्रशिक शेजारी उभा राहून ऐकत होता. त्याने एकही शंका काढली नाही.