माळ बांधलेली गव्हाण

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी गव्हाण आहे. निमगाव साव्यात भगवंतच्या गोठ्यात उभी आहे. माझ्यात गुरांना चारा टाकतात. म्हणजे टाकत असत. आता कोळ्यांनी जाळी विणली आहेत.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली भगवंतने मला स्वतःच्या हाताने बनवले. त्याआधी कडबा जमिनीवर टाकत, आणि त्याची हरणी गाय निम्मा खाऊन निम्मा शेणात तुडवी. मग त्याने बांधावरची बाभूळ तोडली, खांब पुरले, फळ्यांचा तळ केला आणि समोर उभ्या पट्ट्या ठोकल्या. गायीचे तोंड आत जावे पण पाय जाऊ नये, एवढे अंतर त्याने वितीने मोजले. कडबा वाया जाईना. शेजारीपाजारी पाहायला आले. खोटे कशाला बोलू, मी जरा फुशारलेच.

हरणी म्हणजे भगवंतची बायको चिमाबाई हिचा जीव. माहेरहून, राजुरीहून आलेले वासरू तिने हाताने भरवून वाढवले होते. दर वसुबारसेला ती हरणीची पूजा करी. मलाही हळदकुंकू लावी आणि पट्ट्यांना झेंडूची माळ बांधी. हरणी सकाळपर्यंत ती खाऊन टाकी. सगळे हसत.

दोन हजार चार साली भगवंत म्हणाला, "यंदा माळ पाडव्यापत्तूर टिकली पायजे." त्याने घराच्या स्लॅबची उरलेली बारीक तार आणली.

"अवो, दोऱ्यानं बांधा की," चिमाबाई म्हणाली.

"दोरा तोडती ती. तारंला काय व्हत न्हाई."

त्याने फुले तारेत ओवली आणि दोन्ही टोकांना तीन-तीन पीळ दिले. मी नटले. मला लई छान वाटले, हे सांगताना आज लाज वाटते.

पहाटे हरणीने माळ ओढली. तार तुटली. टोकांचे पीळ माझ्या पट्ट्यांवर राहिले, मधला भाग फुलांसकट तिच्या पोटात गेला. सकाळी दरवर्षीसारखेच सगळे हसले, तारेचे कुणाच्या ध्यानात आले नाही. मी पाहत होते. मला तोंड नाही.

आठवड्याने तिने चारा सोडला. पाठ वाकवून उभी राही, बसताना कण्हे. चिमाबाईला वाटले, सणाला आलेल्या बायकांची दृष्ट लागली. तिने पाच दिवस मीठमिरच्या उतरवल्या. डॉक्टर आले तेव्हा उशीर झाला होता. हरणी माझ्या पट्टीवर मान टेकवून गेली.

का गेली, हे कळावे म्हणून डॉक्टरांनी बांधावर तिचे पोट उघडले. तुटलेली बोटभर तार पोट भेदून काळजापर्यंत गेली होती. त्यांनी ती धुऊन भगवंतच्या हातावर ठेवली.

"कुनाच्या कडब्यातनं आली आसंल?" भगवंत म्हणाला.

चिमाबाईने ती तार उचलली. गोठ्यात येऊन माझ्या पट्टीवरच्या पिळाशेजारी धरली. दोन्हींची जाडी एकच होती.

"आपलीच हाय," ती म्हणाली. "मीच पुजली तिला."

भगवंतने पक्कड आणून माझ्या पट्ट्यांवरचे पीळ काढले. त्यानंतर त्या गोठ्यात गाय आली नाही.

मित्रांनो, जनावर फूल आणि तार वेगळी करत नाही. तुम्ही देता म्हणून ते खाते. गव्हाणीजवळ तार, खिळा, टाचणी काही ठेवू नका, अगदी सणालाही.

चिमाबाई अजून रोज संध्याकाळी येते. माझ्या रिकाम्या तळावरून हात फिरवते, कोपरान् कोपरा चाचपते. काही सापडत नाही. तरी उद्या पुन्हा येते.