घाण्यावर न येणाऱ्या बायका

हजयात्रा करून आलेल्या हाज तिजानींच्या तेलघाण्याचं सॉफ्टवेअर तयार होऊन पडलं होतं आणि सगळं अडलं होतं ते रिहेमच्या हट्टापायी. ऑलिव्हचा हंगाम तोंडावर आलेला. तिच्या कंपनीतल्या साहेबांनी तिला सकाळीच बजावलं होतं, आज हाजची सही आण, नाहीतर हे काम दुसऱ्याकडे जाईल.

या सॉफ्टवेअरशी कुणाकुणाचा संबंध येतो, हे शोधणं रिहेमचं काम. वजन करणारे, घाणा चालवणारे, गोण्या आणणारे, सगळ्यांना ती भेटली होती. सगळे खूश होते. किती तेल निघालं याचा मेसेज गोण्या आणणाऱ्याच्या फोनवर जाणार होता. मग तिने चौकशी केली, झाडं कुणाची? निम्म्या बागांत गोण्या आणणाऱ्यांच्या बहिणींचाही वाटा निघाला, आणि त्यातली एकही घाण्यावर कधी फिरकली नव्हती. रिहेमच्या आईच्या गोण्याही मामाच इथे आणायचा. तो पाठवेल तेवढं तेल आई भावाची माया म्हणून घ्यायची. ते आठवलं की रिहेमचं डोकं फिरायचं.

"मेसेज प्रत्येक वाटेकऱ्याला जाईल," तिने हाजना सांगितलं.

हाजनी चहाचा पेला खाली ठेवला. "पोरी, माझा धंदा बुडवायला निघालीस का? उद्या भाऊ लोक गोण्या उचलून दुसऱ्या घाण्यावर जातील. जी बाई इथे येतच नाही, तिचा काय संबंध?"

"तुमच्या बहिणीलाच विचारू या की."

"मनूबियाला? तिची कधी तक्रार नाही."

"मग फोन लावायला काय हरकत आहे, हाज?"

पोरीची एकदाची जिरावी म्हणून त्यांनी फोन लावला, तोही स्पीकरवर. भावांना बहिणींबद्दल भारी खात्री असते. तुझ्या झाडांचं तेल किती निघालं ते तुला कळायला हवं का, असं त्यांनी विचारलं.

"हे तूच विचारतोयस, तिजानी, की कुणी विचारायला लावलंय?"

हाजनी रिहेमकडे पाहिलं.

"बाबा गेल्यापासून वाट बघतेय, तू कधी विचारतोस याची," मनूबिया म्हणाली. "मी विचारलं असतं तर माहेर तुटलं असतं."

फोन ठेवल्यावर हाजच्या तोंडाकडे रिहेमला बघवेना. तरी तिने कागद पुढे सरकवलाच.

हाजनी सही केली. "भाऊ लोक भांडायला आले की इथे येऊन तूच बसायचंस."

"बसेन," रिहेम म्हणाली. "पहिला माझा मामाच येईल."