आजाराचं इंग्रजी नाव

आमच्या सुनेला, मनीषाला, लपवाछपवी जमत नाय. काही लपवलं की तिचे कान लाल होतात. म्हणून दवाखान्यातून आल्यावर मी सरळच विचारलं, "डॉक्टरानं कागदावर काय लिहिलंय गं?"

"काही नाही आई. रेस्पिरेटरी डिसीज. म्हणजे श्वासाचा आजार."

आणि कान बघावे तर लालभडक!

अहो, साध्या खोकल्याला कोणी एवढं लांबलचक नाव देतं का? मखमलाबादेत शेवंती खुडण्यात माझा जन्म गेला. इंग्रजी येत नाय, पण माणूस वाचता येतो. मला खोकला आणि चार वर्षांच्या नातवाला, रुद्रलाही खोकला, म्हणून दोघांना एकदमच तपासलं होतं. माझ्या हातात औषधाची बाटली दिली आणि कागद मनीषानं कपाटात कोंबला. त्याच दिवशी रुद्रचं अंथरूण माझ्या शेजारून उचललं. का, तर त्याला खिडकीपाशी झोपवायचंय म्हणे. आमच्या काकूला टीबी झाला तेव्हा तिचं ताटसुद्धा असंच गोड बोलून वेगळं केलं होतं. मला काय कळत नाय?

पुढं तर कहरच झाला. माझा लेक कुंदन आणि ती स्वयंपाकघरात कुजबुजायचे. मी पाऊल टाकलं की दोघं गप्प. एकदा कानावर आलं, "असंच चाललं तर मी रुद्रला घेऊन येवल्याला जाईन." येवला तिचं माहेर. म्हणजे मला टीबी झालाय आणि माझ्या आजारापायी माझा नातू घराबाहेर चाललाय!

एके दिवशी ती कामाला गेल्यावर मी कपाट उघडलं, कागद कमरेला खोचला, रुद्रला कुंदनपाशी सोडलं आणि मेडिकलवाल्या दिनेशकडे गेले.

"भिमाकाकू, रेस्पिरेटरी डिसीज हा काही एक आजार नाही," तो म्हणाला. "सर्दी, दमा, न्यूमोनिया, टीबी, श्वासाच्या वाटेत काहीही बिघडलं की इंग्रजीत त्याला हेच म्हणतात. तुम्ही भाजी म्हणता ना, तसं. मेथी का शेपू, ते पुढं बघायचं."

"मग बघ ना मेल्या! माझी मेथी का शेपू?"

"हा कागद तुमचा नाहीच. वर रुद्रचं नाव आहे. दमा असावा, असं लिहिलंय. घरात कशाचा तरी धूर होतोय, त्यानं वाढतोय. विडी-सिगारेट कोण ओढतं, ते शोधा."

मी तिथल्या बाकावर बसले. कुंदन सुपारीसुद्धा खात नाय. धूर करत होते मी. रोज दुपारी मागच्या चुलीतले निखारे खापरात घ्यायचे, त्यावर ओवा आणि लसणाची सालं टाकायची आणि रुद्रला मांडीवर घेऊन, गोधडी पांघरून धुरी द्यायची. कुंदनला असंच वाढवलं होतं मी. मनीषाला असलं पटत नाय, म्हणून ती नसताना करायचे. खोकला वाढला की मी ओवाही वाढवायचे. देवा, काय करून बसले मी!

घरी आले तर मनीषा अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आलेली. पिशवी भरलेली, रुद्रच्या पायात चप्पल.

"शेवटचं विचारते," ती कुंदनला म्हणत होती, "तुम्ही ओढता का नाही?"

"नाही म्हटलं ना! किती वेळा सांगू?"

"मग धूर येतो कुठून?"

म्हणजे तिचा संशय कुंदनवर होता, म्हणून कागद माझ्यापासून लपवला होता.

खोटं कशाला बोलू, एकदा वाटलं गप्प राहावं. कुंदनवर आळ आला तर येऊ दे, तो झेलेल. पण रुद्रची छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"मनीषा, मीच देते त्याला धुरी," मी म्हटलं. "रोज. तू गेल्यावर."

ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाय. रुद्रसमोर उकिडवी बसली.

"बाळा, तुला त्रास होत होता ना? मग मला का नाही सांगितलंस?"

रुद्रनं आधी माझ्याकडं बघितलं.

"आजीनं शपथ घातली होती," तो धापा टाकत म्हणाला. "सांगितलं असतं तर आजी मेली असती."