नाव आणि फाळ यांच्यामधली टाचणी

काय शोधताय? जरा वाकून बघा. मी टाचणी बोलतेय. गंजलेय, पण माझं टोक आणि तोंड दोन्ही अजून शाबूत आहेत.

जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. वर्ध्याच्या एका कागदवाल्याकडून प्रेमदास गुरुजींनी मला आणलं आणि समुद्रपूरच्या त्यांच्या घरात माझ्या आयुष्याला अर्थ आला. बौद्ध धर्म स्वीकारल्याला दुसरं वर्ष लागलं होतं. गुरुजी शाळेत शिकवून आले की पाली शिकायचे. त्यांनी लेख लिहिला होता: पाली ग्रंथांतले नांगरणीचे शब्द.

लेख पाठवायचा होता पुण्याच्या एका प्राच्यविद्येच्या त्रैमासिकाला. बाई गं, काय त्यांचे नियम! कागदाच्या एकाच बाजूला लिहा, समास सोडा, आधार तळाशी द्या. गुरुजींनी एक पान तर तीनदा उतरवलं. आणि शेवटचा नियम असा, की लेखावर लेखकाचं नाव नको, ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. ती चिठ्ठी लेखाला जोडायचं काम माझं.

गुरुजींचे वडील नत्थूजी बाजेवर बसून बघत होते. त्यांना वाचता येत नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवतही नव्हतं.

"नाव काऊन नाई टाकून राह्यला? चोरीचा माल हाय का?"

"वाचणाऱ्याले नाव दिसू नये बाबा. त्यानं नुसता लेख पाहावा."

"म्हंजे आपलं आडनाव कोणी इचारनारच नाई?"

"नाई."

"असं बी असते का कुठी?" म्हातारा हसला. आजवर कुठंही गेलं की आधी आडनाव विचारलं जायचं आणि मग कुठं बसायचं ते ठरायचं. मग म्हणाला, "पण चिठ्ठीवर माहं नावबी लिहिजो. पूर्ण."

पुण्यात संपादकांनी मला उपसलं. चिठ्ठी आणि मी खणात गेलो, लेख परीक्षकांकडे गेला. मला चैन पडेना. नाव माझ्याजवळ, लेख तिकडे. पटला नाही तर परत पाठवतील, ते समजू शकते. पण पटला, आणि मग नाव बघून तोंडं वाकडी झाली तर? हाच घोर होता.

एके दिवशी परीक्षक आले. "लेख छापा. एका ठिकाणी आधार कच्चा आहे, तेवढा मागवून घ्या. पण याला नांगर नुसता कोशात भेटलेला नाही हं. कोण आहे हा?"

खण उघडला. घाईत मी संपादकांच्या बोटाला टोचले, मुद्दाम नव्हे. त्यांनी चिठ्ठी वाचली, "प्रेमदास नत्थू थूल, समुद्रपूर, जिल्हा वर्धा." परीक्षकांनी ती हातात घेऊन पुन्हा वाचली.

"आपण नुसती आद्याक्षरं छापतो ना?" परीक्षकांनी विचारलं.

"त्यांनी पूर्ण लिहिलंय. पूर्णच छापू," संपादक म्हणाले, आणि चिठ्ठी पुन्हा लेखाला लावून मला आरपार घातलं. हुश्श!

कच्ची छपाई तपासायला समुद्रपूरला गुरुजींकडे आली, सोबत मूळ लेख आणि मीही. नत्थूजी शेतातून तसेच येऊन बसले.

"माहं नाव कुठी हाय?"

गुरुजींनी त्यांचं बोट धरून छापील नावावर ठेवलं. नत्थूजी बोट हलवेनात. "अन् त्या बुद्धाच्या काळातबी फाळाले काय म्हनत?"

"फालच म्हणत बाबा."

"तो शब्द हाय का इथी?"

"हाय ना, खालीच." गुरुजींनी बोट खाली नेलं.

"एकाच कागदावर?" एवढं बोलून त्यांनी फेट्याच्या टोकानं डोळे पुसले. मग मूळ लेख उचलून माझ्यावर अंगठा दाबला, चिठ्ठी नीट बसावी म्हणून. त्या अंगठ्याला इतके घट्टे होते, की मी टोचूच शकले नाही.

छपाई दुरुस्त होऊन परत गेली, अंकही आला. मूळ लेख ट्रंकेत राहिला आणि त्यात मी. आता माझ्या गंजाचा डाग दोन्ही कागदांवर उतरलाय. कुणी ट्रंक उघडली, तर कागद स्वच्छ करायच्या नादात मला उपसू नका. एकदा उपसलं होतं, तेव्हा ते गरजेचं होतं. आता नत्थूजींनी दाबलंय तिथंच राहू द्या.